भिंतीवरचा जिराफ

६ जानेवारी, सोमवार

रेवाचा रिपोर्ट आला. टर्नर.

सक्सेना मॅडमचा फोन पावणेदहाला. मी एका पोराच्या घशात बॅटरी मारून बघत होते. "वसुधाजी, बैठी हैं ना?" तेव्हाच कळलं. ही बाई उगाच फोन करणारी नाही. मुलींच्या अंगात एक्स गुणसूत्रं दोन लागतात, रेवाला एकच आहे. म्हणून उंची अडलेली, म्हणून पाळी नाही.

साडेतेरा वर्षांची पोर. नानाखेड्यातल्या स्मिताची. जन्मली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून माझी पेशंट. पहिली सर्दी माझ्याकडे, पहिला ताप माझ्याकडे. आणि ओळखलं कोणी? बायकांच्या डॉक्टरणीने, एकदा बघून. मान बघितली, कोपर बघितलं, रक्त पाठवलं. तेरा वर्षं मी काय बघत होते?

वर आणि आमचा तो "दुसरा रविवार". सात महिने झाले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझ्या फ्रीगंजच्या क्लिनिकात टर्नर सिंड्रोमच्या, म्हणजे ट.सिं.च्या मुली येतात. मी, सक्सेना मॅडम, हार्टवाले जैन, आणि इंदूरहून फोनवर हार्मोनवाली मंजिरी. चौघं एका ठिकाणी, फाइल एकच, म्हणजे पोरींना चार दारं हिंडायला नको. ह्या कल्पनेबद्दल माझं कौतुक होतं बरं का. अंगणवाडीच्या बायकांना मी गावोगाव जाऊन सांगते, उंची मोजा, उंची मोजा. कपाळ माझं.

दुपारी स्मिता आली. शाळेतून तशीच, बोटांना खडू. रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, रेवाला सांगायचं नाही हं. तिला झेपणार नाही."

मी म्हटलं, "बरं."

८ जानेवारी, बुध.

मंजिरीचा फोन. माझ्या मुलीच्या वयाची आहे, पण बोलते हेडमास्तरणीसारखी. "मॅडम, रेवाची जुनी उंची पाठवा, दर वर्षीची. वाढीच्या इंजेक्शनाला अजून किती वाव आहे ते त्यावर आणि हाताच्या एक्स-रेवर ठरेल." हाडांची टोकं एकदा बंद झाली की संपलं, मग कितीही टोचा. ह्या रविवारी ती पहिल्यांदाच स्वतः येतेय.

दिवसभर डोक्यात तेच. हे म्हणाले, "तू काय देव आहेस, सगळं दिसायला?" म्हटलं, देव नाही, बालरोगतज्ज्ञ आहे, बाहेर पाटीवर तसं लिहिलंय. उठून चहा केला. चांगला केला.

१० जानेवारी, शुक्र.

पेशंटची कार्डं मी मोहल्ल्याप्रमाणे बुटांच्या खोक्यांत ठेवते. नानाखेड्याची दोन खोकी. रेवाचं सापडलं. दर जुलैत वाढदिवसाला येते, पेढे घेऊन, आणि धावत जाऊन जिराफाशी उभी राहते. भिंतीला चिकटवलेला उंची मोजायचा जिराफ, मानेवर आकडे. रडणारी पोरं त्याला बघून गप्प होतात.

नववा वाढदिवस ११२. दहावा १२०.५.

एका वर्षात साडेआठ सेंटिमीटर! मग कुठे अडलीय वाढ? पुढे माझ्याच अक्षरात शेरा, "वाढ छान. काळजी नको." त्या वर्षी सगळीच पोरं अशी सरसरून वाढली होती. करोनाचं वर्ष, घरी बसून नुसतं खाणं आणि झोपणं. मीच आयांना म्हणायचे, बघा, शाळा बंद झाली तर कशी ताडमाड झाली. त्यानंतर रेवाची गाडी हळू झाली, पण आईच मुळात बुटकी, म्हणून मी काही...

म्हणजे मला कसं कळणार होतं? कोणालाच नसतं कळलं. खरं सांगते, हायसं वाटलं. कार्डाचा फोटो मंजिरीला धाडला. तीन दिवसांनी आज जेवण गेलं.

१२ जानेवारी, दुसरा रविवार

सिंहस्थासाठी सगळं उज्जैन खणून ठेवलंय. मंजिरी तासभर उशिरा पोचली, सँडलला चिखल, खांद्यावर घडीची मोजकाठी. सहा जणी आल्या होत्या. रेवा सातवी. तिला "थायरॉइडचं दाखवायचंय" म्हणून आणलेलं. जैननी हार्ट बघितलं. ठीक आहे, दरवर्षी बघत राहायचं.

नसरीन होती. आमच्यातली सगळ्यात मोठी, चोवीस वर्षांची. भैरवगढला घरचं छपाईचं काम, बोटं कायम निळी. फाइलींना आपल्या छपाईच्या कापडाची कव्हरं शिवून आणते, वर बांधायला नाडी. रेवाने लाल कैऱ्यांचं उचललं. नसरीन तिला म्हणाली, "ये तेरी है, डॉक्टर की नहीं। घर ले जा।" आमचा नियमच तो, फाइल मुलीकडे राहते.

मंजिरीने रेवाला काठीशी उभं केलं. टाचा मागे, नजर समोर. तीनदा मोजलं. १२५. मग फाइल बघितली. डिसेंबरात मी लिहिलेलं, १३०.

हळूच मला म्हणाली, "मॅडम, डिसेंबरमध्ये पायात बूट होते का हिच्या?"

मी फटकन म्हटलं, "माझ्या क्लिनिकात बूट बाहेर असतात."

तिने १३०च्या खाली १२५ लिहिलं आणि सही केली. आगाऊ आहे पोरगी.

१३ जानेवारी, सोम.

क्लिनिक उघडायच्या आधी गेले. शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन. जमिनीपासून जिराफाच्या शंभराच्या खुणेपर्यंत मोजलं. पंच्याण्णव. पुन्हा मोजलं. पंच्याण्णव.

फरशी.

करोनात क्लि. रिकामं होतं म्हणून दिवाळीआधी नव्या टाइल्स घातल्या. जुनी फरशी उखडायची तर आठवडाभर धूळ. मिस्त्री म्हणाला, "मैडम, ऊपर से ही लगा देते हैं।" खाली सिमेंटचा मसाला भरला. दारं अडकायला लागली म्हणून खालून तासून घेतली, ते मला चांगलं आठवतं. जिराफ काढू का, असंही त्याने विचारलं होतं. मीच म्हणाले, "उसको मत छेड़ो, फट जाएगा।"

जमीन वर आली, जिराफ तिथेच राहिला. चार वर्षं मी ह्या गावातल्या पोरांना पाच-पाच सेंटिमीटर फुकट वाटतेय. करोनात कोणी ताडमाड झालं नव्हतं. साडेआठ नाही, रेवा त्या वर्षी साडेतीन वाढली होती. माझ्या समोर वाढ अडली आणि मी लिहिलं "काळजी नको". तेव्हाच कळलं असतं तर इंजेक्शनाला तीन-साडेतीन वर्षं जास्त मिळाली असती. आता काय मिळेल ते मिळेल.

मूर्ख बाई. मूर्ख, मूर्ख बाई.

ह्यांना सांगितलं. आधी विनोद करायला गेले, "म्हणजे तुझ्याकडे मोजलं तर मी पण सहा फुटांचा!" मग माझं तोंड बघितलं आणि उठून जवळ येऊन बसले.

१४ जानेवारी, संक्रांत

स्मिता आली तिळगूळ घेऊन. रेवा बरोबर नव्हती, गच्चीवर पतंगाला चिकटलीय म्हणे. "ताई, तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे," असं म्हणाली आणि वाकून नमस्कार केला.

आता सांगू, आता सांगू. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, दारापर्यंत पोचवून आले. नाही सांगितलं.

१६ जानेवारी, गुरु.

सगळी खोकी काढली. करोनाच्या वर्षापासूनचं एकेक कार्ड घेऊन पाच वजा करत बसलेय. बहुतेक पोरं आपापल्या जागी ठीक आहेत. दोघांना पुन्हा बोलावलंय, एक निजातपुऱ्याचा, एक ऋषीनगरची. त्यांच्या आयांना फोनवर सरळ सांगितलं, मोजण्यात माझी चूक झाली, आणा परत. दोघी म्हणाल्या, काही हरकत नाही, आणतो. बघ की, कोणी खात नाही. मग नानाखेड्याला फोन लावायला बोटं का वळत नाहीत?

१९ जानेवारी, रवि.

सक्सेना मॅडमकडे गेले, घरी. त्यांनी कचोरी पुढे केली, मी आधी सांगून टाकलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "देखिए वसुधाजी, जो गया वो गया। अब इलाज शुरू हो रहा है ना? माँ को बताके क्या हासिल? भरोसा टूटेगा, फिर वो इलाज भी छोड़ देगी। और हमारा संडे? सात महीने की मेहनत है।"

चुकीचं नाही बोलत बाई. चांगल्या मनाने बोलतेय. मलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून तर मी मंजिरीकडे न जाता आधी त्यांच्याकडे गेले. कचोरी खाल्ली.

२० जानेवारी, सोम.

मंजिरीला सांगावंच लागणार होतं. तीन-चार शहरांचे डॉक्टर मिळून ट.सिं.च्या मुलींची एक नोंद ठेवतायत, कोणाला काय दिलं, किती वाढ झाली, पुढच्या पोरींना उपयोग व्हावा म्हणून. आमच्या मुलींची उंची सात महिने त्यात जातेय. जिराफाची उंची.

फोन केला. सगळं सांगितलं, टाइल्स, मसाला, तासलेली दारं.

मग म्हणाली, "मला त्याच दिवशी वाटलं होतं, मॅडम. तुम्ही स्वतः मोजाल म्हणून थांबले."

मला रडूच आलं. रागाने की कशाने, देव जाणे. मी तिला आगाऊ म्हटलं होतं, ह्याच वहीत.

तिचं म्हणणं सरळ आहे. नोंदीतले आकडे ती दुरुस्त करेल, शेजारी कारण लिहील. आणि प्रत्येक मुलीच्या फाइलमध्ये मी माझ्या हाताने दुरुस्ती लिहायची, सही करायची. "फाइल त्यांची आहे ना, मॅडम? मग त्यांना दिसायला हवं."

म्हणजे रेवाच्या फाइलमध्येही. म्हणजे रेवा वाचणार, विचारणार, उंचीत एवढं काय आहे? एक सांगितलं की दुसरं सांगावं लागतं. मी स्मिताला "बरं" म्हणून बसलेय.

२९ जानेवारी, बुध.

रे.चा एक्स-रे मंजिरीने बघितला. वाव आहे. फार नाही, पण आहे. दोनेक वर्षं मिळतील, कदाचित जरा जास्त. मी खुर्चीतच हात जोडले.

३ फेब्रुवारी, सोम.

आजपासून इंजेक्शन, रोज एक, स्मिता घरी देणार. मी शिकवलं, पेनसारखं असतं, पोटाला किंवा मांडीला. रेवा म्हणाली, "कशाचं आहे?" स्मिता म्हणाली, "ताकदीचं." रेवाने माझ्याकडे बघितलं. मी कापसाचा बोळा शोधायला लागले. हातातच होता.

५ फेब्रुवारी, बुध.

नसरीन कव्हरं द्यायला आली, तीन नवीन. क्लिनिकात कोणी नव्हतं, बसली. मी विचारलं, तुला कधी कळलं गं?

"सबसे आख़िर में।" हसत म्हणाली. "अब्बू को पता था, मामू को पता था, डॉक्टर को पता था। रिश्ते वाले आए, उनको भी पता चल गया। मैं बैठी कपड़ा छाप रही हूँ। बीमारी का दुख तो एक महीने में निकल गया, मैडम। वो वाला दुख अभी तक है।"

मग भिंतीकडे बघून, "इसको टेढ़ा क्यों कर दिया?" मी जिराफ अर्धा सोलला आहे, अर्धा निघत नाही. तिला सगळं सांगितलं. खालच्या ओठावर बोट ठेवून ऐकत होती. म्हणाली, "मैं भी तो इसी से नपी हूँ। मतलब मैं और भी छोटी हूँ?" आणि खो खो हसली. मीही हसले, नंतर डोळे पुसले.

जाताना दारात, "आप डर किससे रही हैं? अम्मी से कि लड़की से?"

७ फेब्रुवारी, शुक्र.

सांगितलं स्मिताला. तिच्या घरी जाऊन, रेवा ट्यूशनला गेलेली असताना.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. टाइल्सपासून सुरू केलं, तिला वाटलं मी क्लिनिकच्या कामाबद्दल काही बोलतेय, म्हणाली, "नका काढू पुन्हा काम, ताई, पोरांचे हाल होतात." मग तिच्या ध्यानात आलं.

बोटांनी दाखवलं, एवढं? पाच? मी म्हटलं, हो.

"चार वर्षं?"

"हो."

उठली, कपाटातून अल्बम आणला. दर वाढदिवसाला जिराफाशी काढलेला फोटो. नववा, दहावा. दहाव्यात रेवा जिराफाच्या आकड्यावर बोट ठेवून हसतेय. स्मिता म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, उगाच काळजी करतेस. मी विचारलं होतं, ताई. वर्गात सगळ्यात पुढे बसते, मी विचारलं होतं."

खरं आहे. विचारलं होतं.

मी माफी मागितली. तिने अल्बम मिटला आणि स्वैपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही. मी आपली चप्पल घालून निघाले. फ्रीगंजपर्यंत चालत आले, रिक्षावाले हाका मारत होते.

९ फेब्रुवारी, दुसरा रविवार

स्मिता आली नाही. रेवाही नाही.

बाकी सगळ्यांच्या फाइलींत लिहिलं, त्यांच्या समोर: "माझ्या क्लिनिकमधली आधीची उंची पाच सें.मी.ने जास्त नोंदली गेली. चूक माझी." खाली सही. एक आई म्हणाली, चला, लिखा तो सही. एकीने फाइल ओढून घेतली. सक्सेना मॅडम शेजारी बसून राहिल्या, पटत नसताना. चहा त्यांनीच सगळ्यांना दिला.

सातवी फाइल नाही आली.

१४ फेब्रुवारी, शुक्र.

रेवाच्या वडिलांचा मेसेज. "यापुढे आम्ही इंदूरला थेट दाखवू. आभारी आहोत." तीन वेळा वाचला. मंजिरीला विचारलं, एवढंच सांग, इंजेक्शन चालू आहे ना? "आहे, मॅडम." बस. दुसरं काही विचारणार नाही.

सक्सेना मॅडमला वाटत होतं उपचार सोडतील. सोडले नाहीत. मला सोडलं. ते चालेल. चालेल म्हणजे काय, रडतेय सकाळपासून, पण चालेल.

२६ फेब्रुवारी, शिवरात्र

रस्ते बंद, गर्दी एवढी की क्लि. उघडलंच नाही. हे उपासाची साबुदाणा खिचडी खात बसलेत आणि मी जिराफ खरवडतेय, ओलं फडकं आणि सुरी घेऊन. नवीन आणायचा नाही. मंजिरीसारखी काठी मागवलीय. पण गुडघ्याच्या खालचा तुकडा काही केल्या सुटत नाही. चार पाय राहिलेत भिंतीवर.

९ मार्च, दुसरा रविवार

सात जणी. एक नवीन, नागद्याहून, सहा वर्षांची. सहा! इतक्या लवकर कोणी आलं नव्हतं. अंगणवाडीच्या बाईने पाठवली, उंची मोजून. तिला तीनदा मोजलं. माझा हात इतका हळू चालत होता की ती म्हणाली, "हो गया क्या?"

रेवाची खुर्ची कोणीतरी दुसरीने घेतली. चांगलंच आहे. खुर्च्या कमीच पडतात.

२० मार्च, गुरु.

आज रेवा आली. एकटी. सायकलवर, नानाखेड्याहून, भर दुपारी. केसांत कालच्या रंगपंचमीचा रंग तसाच. आठवीचे पेपर संपलेत. दप्तरात ती लाल कैऱ्यांची फाइल.

बसली नाही. फाइल उघडली, माझ्यासमोर धरली.

"डॉक्टरमावशी, डिसेंबरमध्ये मी एकशेतीस. जानेवारीत एकशेपंचवीस. मी महिन्याभरात आकसले का?"

मी म्हटलं, नाही गं राजा. तू नाही आकसलीस. आणि सांगितलं. फरशीचं सगळं. तिने खाली बघितलं, मग भिंतीवरच्या चार पायांकडे. पोर हुशार आहे, गणितात हिला नेहमी पैकीच्या पैकी. बोटांवर मोजून म्हणाली, "म्हणजे दहाव्या वर्षीच कळलं असतं."

काय कळलं असतं, मी विचारलं.

"टर्नर."

मी तिच्याकडे खुर्ची सरकवली.

"इंजेक्शनच्या डब्यात कागद असतो, मावशी. घडी घातलेला. कशाकशासाठी देतात ते लिहिलेलं असतं. त्यात मुलींचा म्हणून एकच आजार आहे. मी आठव्या दिवशीच वाचला. मग बाकीचं शोधलं." जरा थांबून, "मूल होणार नाही, ते पण वाचलं."

मी म्हटलं, आपोआप होणं अवघड असतं, पण त्यातही एकीचं एक, दुसरीचं दुसरं. आणि तू आत्ता तेरा वर्षांची आहेस. विचार, जे विचारायचं ते विचार, ह्यापुढे मी तुला एकही गोष्ट गोल करून सांगणार नाही. तिने विचारलं. हार्टचं, कानांचं, पाळी येईल का, गोळ्या किती वर्षं. अर्धा तास. दोन ठिकाणी मला येत नव्हतं, मी म्हटलं, माहीत नाही, मंजिरीला विचारू.

मग म्हणाली, "आधी कळलं असतं तर मी किती उंच झाले असते?"

माहीत नाही, म्हटलं. आत्ताच्यापेक्षा जास्त. किती ते खरंच कोणी सांगू शकत नाही. चूक माझी आहे. मी तुझ्या आईला सगळं सांगितलंय, तिची माफी मागितलीय.

"आईला," रेवा म्हणाली. "उंची माझी ना?"

एवढ्या वर्षांत मला कोणी असं उभं कापलं नव्हतं. तिच्याकडे बघून म्हटलं, रेवा, माझं चुकलं. तुझी माफी मागते. ती ऐकत राहिली. "ठीक आहे" म्हणाली नाही, आणि का म्हणावं तिने? फाइल पुढे सरकवली, "लिहा." मी दुरुस्ती लिहिली. सही केली. तिने वाचून बघितली, नाडी बांधली.

निघताना दाराशी वळली. आता चेहरा एकदम लहान मुलीचा.

"मावशी, मला माहीत आहे हे आईला सांगू नका हं. तिला झेपणार नाही."

तेच शब्द. आईचेच, जसेच्या तसे. "बरं" माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. म्हटलं, हे नाही जमायचं मला. एकदा जमवून बघितलं, काय झालं ते तुझ्या फाइलमध्ये लिहून दिलंय. तुझ्या पाठीमागे तिला काही सांगणार नाही, तेवढं वचन देते. पण खोटंही बोलणार नाही. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तिला घेऊन ये. तू सांग, मी शेजारी बसते.

"ती येणार नाही तुमच्याकडे."

म्हटलं, तेही खरं.

"बघू," म्हणाली. सायकलवर बसली. पाय जेमतेम पोचतात तिचे पॅडलला. सीट खाली करून घे म्हणायला मी दारात गेले, तोवर ती कोपऱ्यावर वळली.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. ह्यांनी विचारलं, काय मागितलंस? सांगितलं नाही.

१२ एप्रिल, शनि.

काही निरोप नाही. मंजिरी सांगते, गेल्या तीन महिन्यांत दीड सेंटिमीटर वाढली. काठीचे दीड. जिराफाचे नव्हेत.

उद्यासाठी खुर्च्या झाडून ठेवल्या. एक घरून नेली, जास्तीची.

१३ एप्रिल, दुसरा रविवार

सकाळचे सव्वानऊ. ही वही कधी क्लिनिकात आणत नाही, आज आणली.

सक्सेना मॅडम आल्या, जैन येतायत, मंजिरी नानाखेड्यापाशी खड्ड्यात अडकलीय. नसरीन बाहेर पोरींना कव्हरं दाखवतेय, तिचा आवाज आत येतोय.

दार जरा उघडं आहे. बाकावर स्मिता बसलीय. खडूची बोटं नाहीत आज, रविवार. पदर मुठीत धरून समोर बघतेय, माझ्या दाराकडे नाही. आली हेच खूप. रेवा तिच्या शेजारी, अंगाला अंग लावून. लाल कैऱ्यांची फाइल मांडीवर. आत्ता दारातून तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून फाइलची नाडी सोडली.

दोघींना आत बोलावते.